हातचा एक

दहावीच्या गणितातून मी जो कसाबसा निसटलो, तो थेट मराठीच्या वर्गात जाऊन बसलो. आता तिथेच शिकवितो. तरीही गेल्या दिवाळीत चुडाव्याला गेलो, तेव्हा दादाने सहावीतल्या पुतणीला माझ्या पुढ्यात बसविले. चाचणीत २० पैकी ७ गुण, आणि खाली बाईंचा लाल शेरा : ‘हातचे विसरते.’ पुढे तिला नांदेडला शिकायला ठेवायचे घाटत होते. ‘‘एवढंही जमत नसेल तर खर्च कशाला?’’ असे दादा तिच्यासमोरच म्हणाला. ते मला रुचले नाही. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

निघायच्या दिवशी ती मला पोचवायला स्टेशनवर आली. पूर्णेहून यायची गाडी लेट होती. बसल्याबसल्या मला कापरेकर मास्तर आठवले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. त्यांच्याविषयी १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेत लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले! मला मात्र त्यांचे बारसे करण्याचे कौशल्य आवडते. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी संख्या, तिला त्यांनी नाव दिले ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. आणि जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनावर सुचल्या, म्हणून काही संख्या झाल्या ‘डेमलो’!

‘‘स्टेशनावर गणित सुचतं होय, काका?’’

‘‘करून बघ की.’’

वहीच्या मागल्या पानावर तिने ११ ला ११ ने गुणले : १२१. मग १११ चा वर्ग १२३२१. पुढे दोघांनी मिळून नऊ एकांचा वर्ग मांडला. तिरक्या उतरत्या एकांच्या रांगांनी पान भरले, आणि खाली उतरली सतरा आकडी संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ पायऱ्या चढून पुन्हा उतरणारी, उलटसुलट एकच. अंकांची बेरीज ८१. नऊ एकांना ९ ने भाग जातो (भागाकार १२३४५६७९, यात ८ कुठे हरवला कोण जाणे), म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने जाणारच. म्हणजे ही डेमलो बाई हर्षदही आहे! आणि तिलाच ८१ ने गुणले, की नऊ नवांचा वर्ग मिळतो.

‘‘आता दहा एक घेते,’’ ती म्हणाली. मी पायऱ्या आणखी वाढतील असे धरून चाललो होतो. तिने पुन्हा बेरीज केली.

‘‘मोडलं की हो, काका!’’

कागदावर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. चुकलीस, असे मी म्हणणार होतो.

‘‘चुकलं नाही,’’ ती पेन्सिल टेकवीत म्हणाली, ‘‘इथं मधल्या रांगेत दहा एक आले. शून्य मांडलं, हातचा एक. पलीकडं नऊ होते, त्यांचेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठात गेला. म्हणून आठ दिसत नाही.’’

गाडीची घंटा झाली. मी ते पान फाडून मागितले. दादाला दाखवून येण्याएवढी सवड नव्हती. पण तिने वही छातीशी धरली.

‘‘हे मी बाबांना दाखवणार,’’ ती म्हणाली.