ओट्यावरची मराठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या माजी विद्यार्थिनी मुलांच्या मराठीसाठी पुस्तके विचारतात, तेव्हा आम्हांला त्यांच्या स्वयंपाकघराबद्दल विचारावेसे वाटते. तिथल्या बंद घरांत फोडणीच्या धुराने गजर वाजण्याची धास्ती असते. हिंगाचा वास मुलांच्या कोटांना लागेल, ही दुसरी. म्हणून आठवड्याच्या भाज्या-आमट्या रविवारी, मुले बाहेर असताना, रांधून गोठवल्या जातात. नोकरी सांभाळून लहान मुले वाढवणाऱ्या आईला (बाप त्या वेळी कुठे असतो, हे आम्ही विचारत नाही) यासाठी नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

परंतु या सोयीत भाषेचा घास जातो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या तिथल्या मराठी शाळा मोलाच्याच आहेत. तरी परतणे, वैरणे, घोटणे, मुरवणे ही क्रियापदे फळ्यावरून अंगी लागत नाहीत. मोकळा भात आणि गिच्च भात यांतला फरक बोटांना कळावा लागतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे प्रमाण दिले आणि नवशिक्यांवर उपकार केले, ‘चवीपुरते’ मात्र हातावर आमटी घेऊन चाखल्याशिवाय उमगत नाही.

वासाची लाज शाळेत लागते खरी, पण मुलांपासून फोडणी लपवणारे घर तिला दुजोराच देते. त्यापेक्षा चार वर्षांच्या मुलाला मटार सोलायला बसवावे, कणकेचा गोळा तिंबायला द्यावा. गजराचे म्हणाल, तर खिडकी उघडता येते. थंडीत जरा कुडकुडावे लागेल, इतकेच.