पारोळ्याच्या घरी बारा वॅटचा सर्व्हर

दिवसभर हिंजवडीत बसून कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे, आणि आपल्या घरचे फोटो? ते एका जुन्या हार्डडिस्कमध्ये, आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. ओळखीचं वाटतंय ना?

गूगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट प्रकरण 1 जून 2021 ला संपलं. तेव्हापासून मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून 15 जीबी. पुढे दर महिन्याला पैसे मोजा. मोजायला हरकत नाही, पण आजोबांचा आवाज असलेली एकमेव क्लिप फक्त एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवायची?

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी यावर सोपा फंडा दिलाय, 3-2-1. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. गंमत म्हणजे ही तिसरी गोष्ट, 'दुसरं ठिकाण', शहरातल्या भल्याभल्यांकडे नसते. तुमचं घर पारोळ्याला असेल, तर तुमच्याकडे ती आहे! पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाणी शिरलं, लॅपटॉप चोरीला गेला, तरी धुळे-जळगाव रस्त्यावरच्या त्या घरात सगळं शाबूत. मग चला, तिथे रॅक लावू.

रॅक: वेल्डिंगवाला झिंदाबाद

'सर्व्हर रॅक' म्हटलं की काचेच्या दाराचं, एसीतलं कपाट डोळ्यांपुढे येतं. घाबरू नका. रॅक म्हणजे एक माप. समोरची पट्टी 19 इंच, म्हणजे 482.6 मिमी. उंची 'यू'मध्ये मोजायची, एक यू 44.45 मिमी. दोन खांबांमध्ये 45 सेंमी मोकळी जागा मिळाली की काम झालं. परदेशातल्या हौशी मंडळींना आयकियाच्या 'लॅक' नावाच्या स्वस्त टेबलाच्या पायांमध्ये नेमकं तेवढंच अंतर सापडलं. त्यांनी टेबलालाच रॅक केलं, नाव ठेवलं 'लॅकरॅक'!

आयकिया नवी मुंबईत डिसेंबर 2020 मध्ये आलं, पण टेबल तिथून पारोळ्याला न्यायची गरज नाही. किराणा दुकानात असतो तसा भोकांच्या अँगलचा रॅक गावात कुणीही जोडून देईल. नाहीतर सीसीटीव्ही बसवणाऱ्याला विचारा. डीव्हीआर ठेवायला ते जी भिंतीवरची लोखंडी पेटी लावतात, तोच चार-सहा यूचा रॅक. त्यात एक शेल्फ, राउटर, स्विच, पॉवर स्ट्रिप. बस्स.

डबा: स्वस्तातला महाग

इथेच पोरं फसतात. एखाद्या ऑफिसने काढून टाकलेला भलामोठा रॅक सर्व्हर कवडीमोलाने मिळतो. जाम टेम्प्टिंग! पण हिशोब करा. असा डबा 150 वॅट खातो असं धरू. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे 108 युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या वरचा टप्पा महाग, हे बाबांना विचारा. शिवाय पंख्यांचा आवाज असा की दुपारची झोप विसरा.

त्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला पुस्तकाएवढा मिनी पीसी घ्या. लॅमिंग्टन रोडवर असे सेकंडहँड पीसी मिळतात. सरासरी 12 वॅट धरले, तर महिन्याला 9 युनिटसुद्धा होत नाहीत. त्यात डेबियन टाका आणि फोटोंसाठी इमिच. फोनमधले फोटो आपोआप चढतात.

ऊन: खरा व्हिलन

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 45 च्या आसपास जातो. बहुतेक सर्व्हरना आत येणारी हवा 35 अंशांपर्यंतच चालते. मिनी पीसी कमी तापतो, पण त्यालाही हार्डडिस्कलाही ऊन आवडत नाही. म्हणून स्लॅबखालची वरची खोली बाद. जुनं धाब्याचं घर असेल तर चांदी! मातीच्या जाड भिंतींची आतली खोली सगळ्यात थंड. तिथे छतातून माती गळते, तेव्हा वर पत्र्याचं झाकण हवं आणि मागून हवा जायला जागा.

आणि कूलरसमोर रॅक? अजिबात नाही! ती हवा थंड असते तशी दमटही. सोबत पाण्याचे तुषार. वर्षभरात पोर्ट गंजतील.

लाइट जाणारच

लाइट जाणार, हे धरूनच चला. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा. नसेल तर मिनी पीसी आणि राउटरपुरता छोटा यूपीएस पुरतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ते बरोबर नसेल तर बाकी सगळं फुकट. आणि बायोसमध्ये 'लाइट आली की आपोआप सुरू हो' हे सेटिंग चालू करा. नाहीतर दर वेळी बाबांना फोन, "बाबा, ते छोटं बटण दाबा ना!"

पुण्यातून पारोळ्यात

बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, विशेषतः सिमवरच्या नेटला. मग राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग नाही, आणि उघडावंही नाही. जगभरचे बॉट्स दार ठोठावतात. टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क वापरा. तुमचा फोन, पुण्याचा लॅपटॉप आणि पारोळ्याचा डबा एकाच घरात असल्यासारखे बोलतात. पहिली मोठी कॉपी नेटवरून पाठवू नका, दिवस जातील. दिवाळीला जाताना डिस्क बॅगेत टाका.

शेवटचं, पण महत्त्वाचं

दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. चुकून डिलीट केलेला फोटो दोन्हींतून एकदमच जातो. जुन्या तारखांच्या कॉप्या ठेवा. आणि दर सहा महिन्यांनी एक जुना फोटो खरंच परत आणून बघा. परत आणता येत नाही तो बॅकअप नव्हे.

आणि हे सगळं फक्त तुम्हालाच कळत असेल, तर अर्धं काम बाकी आहे. पासवर्ड आणि दोन ओळींची माहिती वहीत मराठीत लिहून बहिणीकडे द्या. रॅकवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: 'बंद करू नये. आत आपले फोटो आहेत.' आईला मात्र चिठ्ठीवर भागवू नका. टीव्हीवर तिच्या लग्नाचा अल्बम लावून दाखवा. मग तो डबा तीच सांभाळेल, तुमच्यापेक्षा चांगला!