आमचे ताट आणि मराठवाड्याचे पाणी

सभेत पर्यावरणावर बोलावे आणि सभा आटोपताच श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीस हात घालावा, यात काही विसंगती आहे असे आपल्या सुशिक्षित समाजास सहसा वाटत नाही. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका व्याख्यानानंतरच्या पंगतीस प्रस्तुत लेखकही होता. व्याख्यात्यांनी कारखान्यांचा धूर, मोटारींची गर्दी आणि सरकारची अनास्था यांचा यथेच्छ समाचार घेतला होता. मी सहज म्हणालो की, समोरच्या वाटीचाही विचार व्हावयास हवा. त्यावर एक विद्वान गृहस्थ उत्तरले, “अहो प्राध्यापक, जेवण ही ज्याची त्याची खासगी बाब. तिच्यात पर्यावरण कशाला आणता?” पंगत हसली, मीही हसलो. ते हसणे अस्थानी होते असे आता वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

खासगी बाब म्हणजे काय? जिचे परिणाम आपल्यापुरतेच राहतात ती. साखर या व्याख्येत बसते काय, हे पाहू. एक किलो साखरेमागे स्थूलमानाने दोन हजार लिटर पाणी लागते. त्यातले काही पावसाचे असते हे खरे; परंतु अल्पवृष्टीच्या मुलखात बहुतेक सारे कालव्याचे, नाही तर विहिरीचे. चहाच्या एका पेल्यातील दोन चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम; तिच्यामागे वीस लिटर, म्हणजे बादलीभर पाणी गेलेले असते. महाराष्ट्रातील लागवडीच्या शंभर एकरांपैकी फार तर पाचसहा एकर उसाखाली आहेत. सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक मात्र तो एकटा पितो. जेथे पाऊस हजार मिलिमीटरहून कमी, तेथे ऊस लावू नये, अशी शिफारस माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली केली. ती अहवालातच राहिली. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच हंगामात मराठवाड्यातील कारखान्यांची धुराडीही पेटलेली होती. त्या पहिल्या गाडीने नेलेले पाणी पाच लाख लिटर होते. हिशेब करून पाहावा: ते अवघ्या अडीचशे किलो साखरेचे, म्हणजे पाच पोत्यांचे पाणी झाले!

आता याच मुलखातील ज्वारी पाहा. रब्बीची ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते, माणसाला दाणा देते आणि गुरांना कडबा देते. ऊस बारा ते अठरा महिने शेत अडवून बसतो. ही चारपाच महिन्यांत आपले काम उरकून मोकळी होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव आजही आदराने घेतले जाते. तरीही गेल्या पन्नास वर्षांत राज्यातील ज्वारीचे क्षेत्र निम्म्याहूनही खाली आले. कारणे अनेक आहेत. पण त्यांतील एक आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपण भाकरीस गरिबीची खूण ठरवले आणि पोळीस प्रतिष्ठेची. २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, सरकारने त्यांस ‘श्रीअन्न’ हे भारदस्त नावही दिले; नाव बदलले, ताट बदलले नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, दोष धोरणाचा आहे, खाणाऱ्याचा नव्हे. उसाला कायद्याने दर बांधून दिलेला आहे आणि घेणारा कारखाना दारात आहे. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदीची खात्री नसते. मग शेतकरी ऊस लावील नाही तर काय करील? हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि शेतकऱ्यास बोल लावण्याचा अधिकार आम्हा पगारदारांस मुळीच नाही. परंतु धोरणे ज्यांच्या मागणीकडे पाहून आखली जातात ते कोण? साखर चार पैशांनी महागली की वर्तमानपत्रांतून ओरड करणारा वर्ग आपलाच आहे. ज्वारीच्या भावासाठी त्याने कधी ओरड केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप असा की, बहुतेक साखर मिठाईवाले, बिस्किटवाले आणि शीतपेयांचे कारखाने नेतात. एका घराने चमचाभर कमी केल्याने काय होणार? पण ती मिठाई, ती बिस्किटे आणि ती पेये शेवटी जातात कोणाच्या घरी? बाटलीतून आलेली साखर ही साखर नव्हे, असा काही शास्त्रार्थ असल्यास तो मला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप एका भगिनीने घेतला आणि तो मात्र मला निरुत्तर करून गेला. “भाकरीचे गोडवे पुरुषांनी गावेत आणि परातीशी बायकांनी बसावे, हीच ना तुमची सुधारणा?” आक्षेप रास्त होता. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी स्वतः भाकरी थापावयास शिकलो. पहिले आठ दिवस भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे होत. पिठास उकळते पाणी हवे, एवढी साधी गोष्ट पदव्यांनी मला शिकवली नव्हती. आता रविवारची आणि बुधवारची भाकरी माझ्याकडे असते. पापुद्रा अजून हवा तसा सुटत नाही. घरातील मंडळी मोठ्या मनाने खातात.

एका प्राध्यापकाच्या दोन वारांच्या भाकरीने मांजरा नदी भरून वाहणार नाही, हे मी जाणतो. सरकारला जाब विचारावा, आयोगाच्या शिफारशींचे काय झाले हे विचारावे, ज्वारीच्या खरेदीची मागणी करावी. हे सारे आवश्यकच आहे. परंतु तो जाब विचारणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी जिलबी नसावी, एवढेच माझे म्हणणे आहे. जेवण खासगी असेल. पाणी खासगी नाही.