उगारलेल्या हातामागें

बायकोनें नवऱ्यावर हात उगारला, ही वार्ता अमरावतीच्या वाड्यांत काय किंवा अकोल्याच्या आळींत काय, घटकाभरांत सर्वतोमुखी होते. तोच नवरा तिला वर्षानुवर्षें मारीत होता, ही गोष्ट मात्र ‘घरची बाब’ म्हणून भिंतीआड राहते.

या एकांगी न्यायाविरुद्ध खडा सवाल वऱ्हाडांतूनच उठला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली; पुढें ती सौम्य करण्यांत आली. परंतु त्या निमित्तानें समस्त स्त्रीजातीवर कोरडे ओढले गेले. तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या दोषांचाही हिशेब मागितला. विजयालक्ष्मीचें प्रकरण निराळें. पण कृत्यामागील हकीकत न पाहतां एकट्या स्त्रीला दोष देण्याची खोड तीच.

न्यायालयें आतां ती हकीकत पाहूं लागलीं आहेत. इंग्लंडमध्यें किरणजीत अहलुवालिया हिनें दहा वर्षें छळ सोसून १९८९ सालीं निजलेल्या नवऱ्यास आग लावली. त्यांत त्याचा अंत झाला. खुनाबद्दल तिला जन्मठेप झाली, पण १९९२ सालीं तो निकाल रद्द होऊन, मनुष्यवधाच्या कमी दोषावर तिची सुटका झाली. आपल्याकडेही गुवाहाटी उच्च न्यायालयानें २०१३ सालीं, नित्य मारणाऱ्या नवऱ्याचा प्राण घेणाऱ्या स्त्रीचा गुन्हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरविला.

म्हणून स्त्रीची हिंसा पुण्यकर ठरते, असें नाहीं. छळ करणाऱ्या स्त्रियाही असतात. परंतु मार चुकविण्यासाठीं केलेला प्रतिकार आणि धाक बसविण्यासाठीं चालविलेली मारहाण यांत महदंतर आहे. तें ओळखण्यास केवळ ‘कोणी मारलें?’ हा प्रश्न पुरत नाहीं. त्या घरांत कोण कोणाला भितें? पैसा कोणाच्या हातीं? माहेरीं बोलावयाचें तें कोणाच्या परवानगीनें? हें विचारलें पाहिजे.

कौटुंबिक हिंसाचाराविषयींच्या २००५ च्या कायद्यान्वयें छळाची खबर शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याकडे देतां येते. सद्भावनेनें देणारावर कोणतीही जबाबदारी येत नाहीं. एकत्र कुटुंबांत तर साक्षीदार घरांतच असतात. सासऱ्यांनीं किंवा थोरल्या जावेनें पहिल्या चापटीच्याच दिवशीं त्याला खडसावलें, तर पुढें कोर्टांत सुनेची बाजू मांडण्याची पाळी बहुधा यावयाची नाहीं.