गुडघ्यामागची गाठ आणि न विचारलेला प्रश्न

घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यांत फरशी बसविणारा कारागीर दिवसभर गुडघ्यांवर वावरतो. कल्याण-डोंबिवलीच्या घरांत लादी पुसणारी बाई उकिडवी बसून वर्षे काढते. पुढे गुडघा आखडू लागतो आणि त्याच्या मागच्या खळग्यात एक मऊ गाठ हाताला लागते. दवाखान्यात उत्तर ठरलेले असते : वय झाले! हे ऐकून मालकवर्गाला सुटकेचा निःश्वास टाकता येतो, कारण वयावर खटला भरता येत नाही.

ही गाठ बहुधा सांध्यातील द्रवाची पिशवी असते. लंडनचे शल्यविशारद विल्यम मोरंट बेकर यांनी १८७७ साली तिचे वर्णन केले, म्हणून वैद्यक तिला ‘बेकर सिस्ट’ म्हणते. कूर्चा झिजली, सांध्यातली गादी फाटली किंवा आमवात जडला की आतला द्रव वाढतो आणि मागच्या स्नायूंच्या फटीतून बाहेर ढकलला जातो. सुईने पाणी काढले की गाठ बसते. बिघडलेला सांधा तसाच राहिला की पुन्हा भरते. परंतु प्रत्येक गाठ इतकी निरुपद्रवी नसते. बोटाखाली ठोके देणारी गाठ रोहिणीचा फुगवटा असू शकते. टणक व वाढत जाणारी गाठ अर्बुद असू शकते. पोटरी एकाएकी सुजली, तर पिशवी फुटली की शिरेत रक्त गोठले, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. आणि गोठलेले रक्त फुप्फुसात गेले तर माणूस दगावतो. तेव्हा सोनोग्राफी ही चैन नव्हे. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र तपासणीची प्रत्येक खेप एका दिवसाच्या मजुरीला पडते.

वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता हीही झिजेची कारणे आहेत, असे सांगितले जाईल. आहेतच. म्हणून कामाचे कारण खोटे ठरते काय? ब्रिटनने २००९ साली कोळसा-खाणकामगारांच्या आणि पुढे फरशी व गालिचे बसविणाऱ्यांच्या गुडघ्याच्या झिजेला व्यावसायिक रोग मानले. आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत शिसे आले, पारा आला, गुडघा आला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्याला जागा मिळाली नाही. कारखान्यातील विष कायद्याला दिसते. जमिनीला टेकलेला माणूस दिसत नाही!

इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते की रोग्याला त्याचा धंदा विचारा. सव्वातीनशे वर्षांनंतर ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे आम्ही तेवढेच मागतो : प्रत्येक केसपेपरवर रोग्याचे काम आणि त्या कामातली बसण्याची रीत नोंदवा. बांधकामखर्चावर महाराष्ट्रात एक टक्का कामगारकल्याण उपकर घेतला जातो. त्यातून बांधकाम मजुरांच्या गुडघ्यांची तपासणी, बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि गुडघ्याखाली घेण्याच्या जाड गाद्या पुरवा. घरकामगार स्त्रीसाठी तर असा उपकरही नाही. तिची तरतूद राज्य सरकारने वेगळी केली पाहिजे, आणि तोवर निदान लांब दांड्याचे पोछे तिला देण्यास गृहनिर्माण संस्थांतील सुशिक्षितांना कोणी अडविलेले नाही.