मृत साठा आणि डेडस्टॉक

उजनी 'शून्य टक्क्यांवर' आल्याची बातमी वाचून बाहेरच्या वाचकाला धरण कोरडे पडले असे वाटते. करमाळा-माढ्याच्या काठावर कोणालाही तसे वाटत नाही. सुमारे ११७ टीएमसीच्या या जलाशयात त्या शून्याखाली जवळजवळ ६३ टीएमसी पाणी असते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात 'उणे' साठ्यात बरेच खोल उतरून ते वापरलेही गेले. शून्य ही कागदावर मारलेली रेघ आहे. ती मारण्याला कारण असते, आणि तिच्याखालचे पाणी उपसण्यात जोखीमही असते. पण रेघेखाली पाणीच नाही असे म्हणणारा मनुष्य एकतर अजाण असतो किंवा त्याचा टँकरचा धंदा असतो.

डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतीत हाच भ्रम आमच्या भागातील छायाचित्रकारांत, आणि खेदाने सांगावे लागते की आमच्या प्राध्यापक बंधूंतही, घट्ट बसला आहे. कंपनीबाहेरचे फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातील आज्ञावली, घातले की कॅमेरा मेलाच असे मानले जाते. हे मत आम्हाला भित्रे वाटते आणि त्याहून अधिक आळशी वाटते, कारण ते तीन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाका मारते.

कॅननच्या पॉवरशॉट जातीच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी २००७ च्या सुमारास पसरलेले सीएचडीके कॅमेऱ्यात काही लिहीतच नाही. ते मेमरी कार्डावर राहते आणि कॅमेरा सुरू होताना तात्पुरत्या स्मृतीत चढते. साधे कार्ड घातले की कॅमेरा पूर्ववत. २००९ मध्ये कॅननच्या ५डी मार्क २ साठी निघालेले मॅजिक लँटर्न एक पाऊल पुढे जाते. ते कॅमेऱ्यात एक खूण करून ठेवते, की सुरू होताना आधी कार्ड पाहा. बाकीचा पसारा कार्डावरच. तिसरा प्रकार २०१० मधील पॅनासोनिक जीएच१ च्या सुधारित फर्मवेअरचा. येथे मूळ आज्ञावलीच बदलून कॅमेऱ्यात लिहिली जाते, आणि लिहिणे अर्ध्यावर असताना बॅटरी संपली तर कॅमेऱ्याची वीट होऊ शकते. पहिल्यात पाहुणा ओसरीवर बसतो, दुसऱ्यात दाराला त्याच्या नावाची पाटी लागते, तिसऱ्यात घराचा पायाच उकरला जातो. तिघांची भीती सारखी कशी असेल?

भीतीला आधार नाही असे आम्ही म्हणत नाही. वॉरंटीवर वाद होऊ शकतो. अनोळखी ठिकाणाहून, कोणीतरी 'तयार करून' दिलेली फाइल घेतली तर तिच्यात काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. दर दहा सेकंदांनी चित्र घेण्याची आज्ञा दिली तर दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक चित्रे होतात, आणि शटरचे आयुष्य मोजके असते. ही झीज आज्ञावली काढून टाकली तरी भरून येत नाही. उलट, बॅटरी संपण्याचा धोका कंपनीचे अधिकृत फर्मवेअर चढवतानाही तितकाच असतो, म्हणूनच कंपन्या ती पूर्ण भरून घ्यायला सांगतात. फुजीफिल्मने २०१८ साली एक्स-टी२ चे अधिकृत फर्मवेअर दोषांमुळे स्वतःच मागे घेतले होते. शिक्का आहे म्हणून चूक नाही, असे यंत्राच्या जगातही नसते.

मराठीच्या वर्गात हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. त्या बजावणीचा दाखला देणारे पुष्कळ आहेत. बजावणारा स्वतः आलेल्या पाठाला हात लावण्याचे धैर्य करून बसला होता, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. त्याने हात लावला तो पाठ तपासून, हेही तितकेच महत्त्वाचे. आमचा सारा आग्रह त्या तपासण्यावर आहे.

आता हे सारे उजनीकाठी कशासाठी, असे वाचक विचारतील. येथे १९८० मध्ये धरण पुरे झाले आणि गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की वर येते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा बुडते. उठलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत भूसंपादनाच्या नोटिसा, सातबाराचे जुने उतारे, मोडीतील खतपत्रे आहेत. त्यांना कसर लागली आहे. दोन जुने पॉवरशॉट, व्ही आकाराची लाकडी चौकट आणि एक काच एवढ्यावर अशी दप्तरे टिपता येतात. जगात हौशी लोकांनी हजारो पुस्तके याच रीतीने टिपली आहेत. दोन्ही कॅमेरे यूएसबी तारेच्या एका इशाऱ्यावर एकदम उघडायचे असतील तर सीएचडीके लागते. कच्चे, न दाबलेले चित्र लागत असेल, पुसट शाई त्यातून काढायची असेल, तरी तेच लागते. वर येणाऱ्या मंदिराची ठरावीक अंतराने चित्रे घेण्याची, आणि पक्षी समोर हलला की आपोआप टिपण्याची सोयही त्यात आहे.

आम्हाला ठाऊक असलेल्या एका महाविद्यालयात असे दोन कॅमेरे कपाटात पडून आहेत. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांची नोंद आहे, वॉरंटी संपून दशक उलटले आहे, निर्लेखनाचा प्रस्ताव फिरतो आहे. तरी 'संस्थेच्या मालमत्तेशी खेळ नको' म्हणून परवानगी नाही. भंगारात जाऊ देणे हा मात्र खेळ ठरत नाही! कायद्याचा धाक घालणाऱ्यांनी कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम एकदा वाचावे. कायदेशीररीत्या हाती असलेल्या आज्ञावलीशी दुसरी आज्ञावली जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढून घेण्याला १९९९ च्या दुरुस्तीने त्यात मर्यादित मुभा आहे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी संकेतस्थळही काढले. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याची मालकी कुठवर चालते हा प्रश्न आता सरकारलाही पडला आहे.

याच तर्काने एका ठिकाणी आम्ही हात आखडता घेऊ. रोहित पक्षी येतात त्या हंगामात होडीवर पाहुणे नेणारा, लग्नसराईत फोटो काढणारा केत्तूर-कुगावकडचा तरुण हप्त्यावर किंवा जुन्या बाजारात एकच चांगला कॅमेरा घेतो. त्यावर तिसऱ्या प्रकारचे काहीही चढवू नये. दुसऱ्या प्रकारचेही हंगाम संपल्यावर, नेमके मॉडेल आणि फर्मवेअरचा आकडा जुळवून, मूळ फाइल हाताशी ठेवून, बॅटरी पूर्ण भरून. आणि 'काही होत नाही रे' म्हणणाऱ्या मित्राला आधी विचारावे, झालेच तर नवा कॅमेरा तू देणार का?