खाल्ल्या साखरेला जागणे

खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्या भाषेची जुनी शिकवण. पण त्याच भाषेने 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' असा चिमटाही काढून ठेवला आहे. चाकराच्या अंगी जो गुण शोभतो, तोच पंचाच्या अंगी दोष ठरतो. आणि संशोधक हा तर पंचच!

१९६५ साली अमेरिकेतील साखर-उद्योगाच्या 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञांकडे एक काम सोपविले. साखर, स्निग्ध पदार्थ आणि हृदयविकार यांविषयीच्या संशोधनाचा परामर्श घ्यायचा; मोबदला ६,५०० डॉलर. मसुदे संस्थेच्या नजरेखालून गेले. १९६७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख छापून आला. साखरेविरुद्धचा पुरावा त्यात हलका लेखला होता. ठपका बसला चरबीवर. या मोबदल्याचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. जुना पत्रव्यवहार धुंडाळून कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ही हकीकत उजेडात आणली ती २०१६ साली, म्हणजे ४९ वर्षांनी!

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. त्या काळी असे पैसे घेण्याची रीतच होती, असे २०१८ साली दोघा अभ्यासकांनी दाखवून दिले. आश्रयदात्याचे नाव सांगण्याचा नियम त्या नियतकालिकाने केला तोच मुळी १९८४ साली. शिवाय चरबीवरचा ठपका सर्वस्वी खोटा होता, असेही नव्हे.

मग बिघडले कोठे? पैसा दर वेळी खोटे बोलायला लावतो असे नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणते उत्तर दडवायचे, हे तो ठरवू शकतो. साखर-उद्योगाच्याच पैशाने १९६८ साली बर्मिंगहॅम येथे उंदरांवर प्रयोग सुरू झाले. साखरेला प्रतिकूल अशी चिन्हे दिसू लागली आणि १९७० साली पैसा थांबला! निष्कर्ष अप्रकाशितच राहिले.

म्हणून 'अमुक तेल हृदयाला हितकर' असे वाचाल, तेव्हा घरातल्या मुलांनाही तीन प्रश्न विचारायला शिकवा : पैसा कोणाचा? प्रश्न कोणी ठरविला? उत्तर उलट आले असते, तर ते छापले असते काय?

फराळाच्या ताटाला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. चिरोट्यावरची पिठीसाखर आपल्याला दिसते. किती खायची ते आपण ठरवितो. संशोधनावर पेरलेली साखरही तशीच दिसली पाहिजे, एवढेच मागणे.